खतपेटी, घरगुती
(टाकाऊ साहित्यापासून केलेली). स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि बागेतला पालापाचोळा हवेशीर कुजवून त्याचे खत करण्यासाठी घरच्या घरी बनवलेले भांडे किंवा कप्पा. जुने प्लॅस्टिकचे पिंप, रंगाच्या बादल्या, फळांचे क्रेट, पाडकामातल्या विटा, खोक्यांच्या फळ्या, कोंबडीजाळी, पोती अशा हाताशी असेल त्या वस्तूपासून ती करता येते. खताची प्रत पेटीच्या किमतीवर अवलंबून नसते. आत हवा खेळते का, पाणी निचरते का आणि ओल्या कचऱ्यावर पुरेसा सुका पाला पडतो का, या तीन गोष्टींवर ती ठरते.

पूर्वपीठिका : खेड्यातला उकिरडा हे या पेटीचे जुने रूप. त्यात कचरा दाबून बसतो, तळाशी हवा पोचत नाही आणि उन्हापावसात नत्राचा बराच भाग वाया जातो. हा तोटा टाळण्यासाठी इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील कृषी संशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात थर रचून व ठरावीक काळाने चाळवून खत करण्याची पद्धत बसवली. तिची माहिती देणारा ग्रंथ त्यांनी यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. इंदूर पद्धतीत ढीग पुनःपुन्हा उलथावा लागतो, त्यामुळे मनुष्यबळ जास्त लागते.

ही उलथापालथ वाचवली ती नाडेप पद्धतीने. ती यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके जमिनीवर बांधतात आणि चारही भिंतींत ठरावीक अंतरावर विटेएवढी भोके ठेवतात. हवा बाजूंनी आत शिरते, म्हणून ढीग चाळवावा लागत नाही. तळाला व भिंतींना आतून शेणकाला शिंपडून मग काडीकचऱ्याचा साधारण अर्धा फूट थर, त्यावर शेणकाला आणि त्यावर चाळलेली माती, अशी रचना काठाच्या वर दीड फुटापर्यंत नेतात व वरून शेणमातीने लिंपतात. १५-२० दिवसांत ढीग खाली बसतो. तेव्हा तो पुन्हा भरून लिंपतात. एका टाक्याला सुमारे १,५०० किलो काडीकचरा लागतो, पण शेण मात्र १०० किलोच्या आसपास पुरते. थोड्या शेणात भरपूर खत, हे कमी जनावरे असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या पद्धतीचे मोठेच योगदान आहे. खत ३ ते ४ महिन्यांत तयार होते. विटा परवडत नसतील तर बांबू, बेशरम किंवा तुराट्यांच्या ताट्या उभ्या करून तेच काम भागवतात. भोके पाडलेले आजचे घरगुती पिंप हे तत्त्वतः लहान नाडेपच होय.

कुजण्याची क्रिया : जिवाणू व बुरशी यांना कर्ब ऊर्जेसाठी आणि नत्र वाढीसाठी लागते. मिश्रणात कर्ब-नत्राचे प्रमाण २५ ते ३० ला १ असे असावे. भाजीपाल्याच्या देठांत व सालींत नत्र जास्त, तर वाळका पाला, लाकडाचा भुसा, पुठ्ठा यांत कर्ब जास्त. घरगुती व्यवहारात एक भांडे ओल्या कचऱ्याला दोन भांडी सुका पाला हा अंदाज पुरतो. ओलावा ५० ते ६० टक्के हवा : मूठभर मिश्रण पिळल्यावर बोटांना ओल लागावी, पण धार लागू नये. सुमारे एक घनमीटरचा ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत तणांचे बी व रोगजंतू मरतात. बाल्कनीतली बादली तेवढी तापत नाही. म्हणून तीत रोगट झाडे, बी धरलेले तण किंवा कुत्र्यामांजरांची विष्ठा टाकू नये.

पिंपाची पेटी : २०० लिटरचे जाड प्लॅस्टिकचे पिंप ड्रमवाल्यांकडे मिळते. आधी त्यात काय भरले होते हे विचारूनच ते घ्यावे. खाद्यपदार्थांचे असेल तर उत्तम, कीटकनाशकाचे वा रसायनाचे घेऊच नये. बाजूंना सर्वत्र वीतभर अंतरावर बोट जाईल एवढी भोके ड्रिलने पाडतात. तापवलेल्या सळईनेही ती पडतात, पण वितळणाऱ्या प्लॅस्टिकचा धूर अपायकारक असल्याने हे काम उघड्यावरच करावे. तळाला निचऱ्याची भोके आणि बुडाजवळ खत काढण्यासाठी एक फुटाची खिडकी कापतात. मध्यभागी भोके पाडलेला जुना पीव्हीसी नळ उभा केल्यास आतपर्यंत हवा जाते. भोकांवर आतून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावतात. पिंप विटांवर ठेवून खाली परात सरकवतात, तळाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर देतात आणि मग कचरा भरू लागतात. विरजण म्हणून जुने खत, शेण किंवा आंबट ताक चालते.

अन्य साहित्य : फळांच्या क्रेटला आतून गोणपाट लावले की पेटी तयार होते. एकावर एक ठेवलेल्या मातीच्या कुंड्या ओलावा आपोआप सांभाळतात. बेंगळुरूच्या ‘डेली डंप’ने २००६ पासून प्रचारात आणलेला ‘खंबा’ हा याच धाटणीचा. तेलाचे पत्र्याचे डबे लवकर गंजतात. मालाच्या लाकडी पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का असेल तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते व ते वापरता येते. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेले लाकूड टाळावे. जुन्या टायरांबाबत मतभेद आहेत. खाण्याच्या भाज्यांसाठी खत करायचे असल्यास ते न वापरलेले बरे.

दोष व उपाय : आंबूस वा कुजकट वास येणे हे हवा कमी व ओल जास्त झाल्याचे लक्षण. सुका पाला मिसळून ढीग सैल करावा. पांढुरक्या-तपकिरी जाड अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्याने खातात व झाडांना अपाय करत नाहीत. त्या दिसल्या म्हणून पेटी बंद करणे ही नवख्यांची नेहमीची आणि अनाठायी घाई होय. चिलटे झाल्यास ताज्या कचऱ्यावर नेहमी पाल्याचा थर द्यावा. मुंग्या झाल्यास मिश्रण कोरडे पडले असे समजावे. पावसाळ्यात झाकण व आडोसा आवश्यक.

गांडूळखत : याची पेटी उथळ असते व गांडुळे मरू नयेत म्हणून ढीग तापू द्यायचा नसतो.

कायदा : २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा उगमाशीच वेगळा करणे बंधनकारक केले; असा वेगळा काढलेला ओला कचरा घरच्या पेटीत जिरवता येतो.

वापर : पक्के खत काळसर, भुसभुशीत असते व त्याला पावसाळी मातीचा वास येतो. ते चाळून कुंडीच्या मातीत चौथा ते तिसरा हिस्सा मिसळतात. कच्चे खत मुळांजवळचे नत्र ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात. एकाच पेटीत रोज कचरा पडत राहिल्यास खत पक्के व्हायला उसंत मिळत नाही. यासाठी एक भरत असताना दुसरी मुरत ठेवता येईल अशा किमान दोन पेट्या असाव्यात.