४०८ विजयांचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचे नाव एका आकड्यासह घेतले जाते. लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाला त्यांनी १९४१ ते १९९७ या काळात ४०८ विजय मिळवून दिले. हा आकडा एका माणसाच्या चिकाटीचा आहे, तितकाच वर्णभेदाचाही. दक्षिणेतील गोऱ्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून तिथले उत्तम खेळाडू ग्रॅम्बलिंगसारख्या लहान संस्थांकडे येत. प्रशिक्षकाची कोंडी तर आणखी लांबली. वरच्या श्रेणीतील विद्यापीठाने कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक पहिल्यांदा नेमला तो १९७९ मध्ये, विचिटा स्टेटने. तेव्हा रॉबिन्सन साठीचे होते. एकाच ठिकाणी काढलेल्या त्या वर्षांना केवळ निष्ठा म्हणणे अपुरे आहे.

यावर पहिला आक्षेप असा की हे विजय दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवरचे होते. पण प्रतिस्पर्धी निवडण्याची मुभा रॉबिन्सन यांना होतीच कुठे? खेळाडूंचा कस मात्र बाहेर लागला. १९४९ मध्ये ग्रॅम्बलिंगचा टँक यंगर लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघाकडे गेला. पुढे रॉबिन्सन यांचे दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांत पोहोचले आणि जानेवारी १९८८ मध्ये त्यांच्यापैकीच डग विल्यम्स हा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सारे परिस्थितीच्या माथी मारले, तर प्रशिक्षकाचे कसब उरतेच कुठे? त्याचे उत्तर शेजारच्या संस्था देतात. बंद दारांमुळे वळलेले खेळाडू इतर कृष्णवर्णीय महाविद्यालयांनाही मिळत होते. ४०८पर्यंत त्यांच्यापैकी कोणाचाही प्रशिक्षक पोहोचला नाही. १९४२ च्या ग्रॅम्बलिंग संघाने तर अख्ख्या हंगामात एकही गुण दिला नाही.

दक्षिणेतील अलाबामा विद्यापीठाच्या मुख्य संघात कृष्णवर्णीय खेळाडू १९७१ मध्ये उतरले. दारे उघडली तसा गुणवानांचा ओघ मोठ्या विद्यापीठांकडे वळू लागला. तरीही १९८५ मध्ये रॉबिन्सन यांनी त्याच अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला. अखेरच्या दोन हंगामांत मात्र ग्रॅम्बलिंगला प्रत्येकी तीनच सामने जिंकता आले. वर्णभेदाने ग्रॅम्बलिंगला खेळाडू दिले, असे म्हणून त्या व्यवस्थेचे उपकार मानण्याचा मोह टाळावा. तिने फक्त वाटा अडवल्या. विजयांचे श्रेय रॉबिन्सन आणि त्यांच्या खेळाडूंचेच.