चेर्नोबिल, आयरिश लोणी आणि आपले ताक

१/ सातारा-सांगलीच्या दूधपट्ट्यात ताक कोणते आणि लोणी कोणते, हे कुणाला शिकवावे लागत नाही. १९८६च्या अणुअपघातानंतर मुंबईत उभा राहिलेला एक खटला समजून घेण्यास हेच घरगुती ज्ञान उपयोगी पडते. त्याविषयी हा थ्रेड.

२/ २६ एप्रिल १९८६. सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर युरोपभर पसरली आणि पावसासोबत कुरणांवर उतरली. गवतातून ती गाईंच्या पोटात गेली, तेथून दुधात आली.

३/ पुढे युरोपीय आर्थिक समुदायाच्या मदतीतून आयर्लंडचे लोणी भारतात आले. ते दूषित असावे, या शंकेने डॉ. शिवराव शांताराम वागळे व इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

४/ ही भीती निराधार नव्हती. चेर्नोबिलच्या परिसरात आयोडीन-१३१ असलेले दूध प्यायलेल्या मुलांत थायरॉइडचा कर्करोग वाढला. अपघातावेळी १८ वर्षांखालील असलेल्यांत २००५पर्यंत ६,०००हून अधिक रुग्ण आढळले.

५/ मात्र आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. काही महिन्यांत ते जवळजवळ नाहीसे होते. दीर्घकाळ उरते ते सिझियम-१३७. त्याला निम्मे व्हायला सुमारे ३० वर्षे लागतात.

६/ आता ताक-लोण्याकडे वळू. सिझियम स्निग्धांशात राहत नाही, पाण्याच्या अंशात राहते. दूध घुसळले की त्याचा बहुतांश भाग ताकात जातो. लोण्यात फार थोडा उरतो. त्यामुळे एकाच गाईच्या दुधापासून केलेल्या पदार्थांतही धोका सारखा नसतो.

७/ अणुऊर्जा नियामक मंडळाने ऑगस्ट १९८७मध्ये अन्नातील किरणोत्साराच्या मर्यादा ठरवल्या होत्या. या मर्यादेतील दूध व दुग्धपदार्थ सुरक्षित, निरुपद्रवी आहेत काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने तीन तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवला. समितीने ते सुरक्षित असल्याचे सांगितले. १९८८मध्ये याचिका फेटाळली गेली.

८/ पण ‘सुरक्षित’ आणि ‘निरुपद्रवी’ हे शब्द समानार्थी नाहीत. किरणोत्साराची मात्रा घटते तसा धोकाही घटतो. अमुक मात्रेखाली तो शून्यच होतो, असे किरणोत्सार-संरक्षणाचे शास्त्र गृहीत धरत नाही. मर्यादा म्हणजे समाजाने किती धोका पत्करावा, याविषयीचा निर्णय. नागरिक विचारत होते, ‘अपाय होईल का?’ त्यांना मिळालेले उत्तर होते, ‘मर्यादेत आहे.’

९/ २०११मध्ये फुकुशिमानंतर सह्याद्रीपलीकडे जैतापूरच्या वादाला धार आली, तेव्हा चिंता पुन्हा अन्नाचीच होती: आंबा आणि मासळी. अशा वेळी केवळ आकडा जाहीर करून लोकांचे समाधान होत नाही. कोणता घटक, कोणत्या पदार्थात, किती काळ आणि कोणाला अधिक घातक, हे चारही प्रश्न लोकांच्या भाषेत उलगडावे लागतात.