वस्त्रकोठीतील प्रकाशयोजना

वस्त्रकोठीतील प्रकाशयोजना : कपडे, अंथरूण-पांघरूण व तत्सम गृहोपयोगी वस्तू ठेवण्याच्या बंदिस्त जागेत (भिंतीतील कपाट, फडताळ, कपड्यांची लहान खोली इ.) केलेली दिव्यांची व्यवस्था. अरुंद जागा, सहज पेट घेणाऱ्या वस्तूंचे सान्निध्य आणि थोडा वेळ पण वारंवार होणारा वापर ही या व्यवस्थेची तीन वैशिष्ट्ये होत. घरातील इतर खोल्यांत दिव्याची निवड मुख्यतः सोय व शोभा यांवर ठरते. येथे ती प्रथम सुरक्षिततेवर ठरते. तिचा विकास प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घरबांधणीबरोबर झाला.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील सामान्य घरात कपडे पेट्यांत, खणांच्या कपाटात किंवा भिंतीवरील खुंट्यांवर ठेवीत. वस्त्रकोठीवर स्वतंत्र खोली म्हणून कर बसत असे व त्यामुळे जुन्या घरांत ती नसे, अशी समजूत प्रचलित आहे. तथापि तिला आधार नाही. लोकांजवळ कपडेच थोडे होते, हे कारण अधिक सयुक्तिक होय. कॅथरिन बीचर व हॅरिएट बीचर स्टो यांच्या द अमेरिकन वुमन्स होम (१८६९) या ग्रंथात साठवणीच्या जागेचा पद्धतशीर विचार आढळतो. पुढे यंत्रोत्पादित कपडे स्वस्त झाले आणि भिंतीत बांधलेली वस्त्रकोठी हा घराचा नित्याचा भाग बनला.

अशा कोठीस बहुधा खिडकी नसे. मेणबत्ती किंवा रॉकेलचा दिवा (१८५० नंतरच्या दशकात प्रसृत) हाती धरून टांगलेल्या कपड्यांत वस्तू शोधणे धोक्याचे होते. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविलेला दिसतो. दिव्यासाठी भिंतीत कोनाडा ठेवीत. त्याच्या तिन्ही बाजूंस माती वा दगड असल्याने ज्योत कापडापासून आपोआप दूर राही. माजघराच्या अंधाऱ्या कोठीत मात्र हाती चिमणी किंवा कंदील घेऊनच जावे लागे.

विजेचे आगमन : एडिसन यांचा कार्बन तंतूचा दिवा १८७९ मध्ये सिद्ध झाला व न्यूयॉर्क येथील पर्ल स्ट्रीट वीज केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. ज्योत नसलेला दिवा कोठीस आदर्श वाटणे स्वाभाविक होते. हार्वी हबेल यांनी १८९६ मध्ये साखळी ओढून चालू-बंद करता येणाऱ्या दीपधारकाचे एकस्व घेतले. छतापासून लोंबणारा उघडा दिवा व त्याची साखळी ही पुढे अमेरिकन वस्त्रकोठीची ओळखच झाली. भिंतीवर वेगळे बटण व त्यासाठी वेगळी तार लागत नसल्याने ही व्यवस्था स्वस्त पडे.

ज्योत गेली तरी उष्णता राहिली. तापदीप्त दिव्यास पुरविलेल्या ऊर्जेपैकी सु. ९० टक्के किंवा त्याहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ६० वॉटच्या दिव्याच्या काचेचे तापमान १००° से.च्या वर जाते. वरच्या फळीवरील घडी काचेला टेकली अथवा दिवा चालू ठेवून दार लावले, तर उष्णता कापडात साठत जाते. कापड प्रथम करपते व नंतर धुमसू लागते. दार बंद असल्याने ही गोष्ट घरातील माणसांच्या उशिरा ध्यानात येते, आणि वस्त्रकोठी बहुधा निजण्याच्या खोलीला लागूनच असते.

नियमन : अमेरिकेत अग्निविमा व्यवसायाच्या पुढाकाराने विद्युत् उपकरणांची चाचणी १८९४ पासून सुरू झाली. राष्ट्रीय विद्युत् संहिता प्रथम १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९११ पासून राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना तिचे प्रकाशन करीत आहे. वस्त्रकोठीत दिवा असलाच पाहिजे असे संहिता सांगत नाही. मात्र तो बसविल्यास कोठे व कसा, हे ती ठरवून देते. तीनुसार उघडे वा अर्धवट झाकलेले तापदीप्त दिवे आणि लोंबते दिवे निषिद्ध आहेत. पूर्ण आच्छादित तापदीप्त किंवा प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाचा (एलईडी) दिवा पृष्ठभागावर बसविल्यास तो साठवणीच्या जागेपासून किमान सु. ३० सेंमी. दूर हवा, छतात वा भिंतीत रोवल्यास सु. १५ सेंमी. अंतर पुरते. अनुस्फुरक दिव्यास दोन्ही प्रकारे सु. १५ सेंमी. अंतर लागते. साठवणीची जागा म्हणजे प्रत्यक्ष ठेवलेले कपडे नव्हेत, तर ते जेथपर्यंत येऊ शकतील तो सर्व अवकाश, ही या नियमातील महत्त्वाची कल्पना होय. आज रिकामी असलेली फळी उद्या भरणार, हे त्यात गृहीत धरले आहे.

दिव्यांचे नवे प्रकार : अनुस्फुरक नळीचे दिवे १९३८ पासून बाजारात आले. ते कमी तापतात. परंतु वारंवार चालू-बंद केल्याने त्यांचे आयुष्य घटते आणि कोठीतील वापर नेमका तसाच असतो. १९९० नंतरच्या दशकात निळा व त्यावर आधारित पांढरा प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ सिद्ध झाला. या संशोधनाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. ६० वॉटच्या तापदीप्त दिव्याइतका, म्हणजे सु. ८०० ल्यूमेन, प्रकाश हा दिवा ८ ते १० वॉटमध्ये देतो. चालू-बंद करण्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०२३ पासून सामान्य तापदीप्त दिव्यांची विक्री नियमानुसार बहुतांशी थांबली.

निवड व उभारणी : कपड्यांचा रंग दिव्याच्या प्रकाशाच्या घटकांवर अवलंबून भासतो. एका दिव्याखाली सारखी दिसणारी दोन वस्त्रे दिवसाच्या उजेडात भिन्न दिसू शकतात. काळा व गडद निळा यांची गल्लत नेहमीची आहे. म्हणून रंगदर्शनांक ९० किंवा अधिक असलेला दिवा इष्ट ठरतो. दिवा दाराच्या वर, आतल्या बाजूस व कपड्यांच्या पुढे असावा; मागे असल्यास कपड्यांची दर्शनी बाजू अंधारात राहते, तर दाराबाहेर असल्यास उभ्या माणसाची सावली आत पडते. दाराच्या चौकटीतील बटणामुळे दार लावताच दिवा विझतो. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असल्याने, लोखंडी कपाटात दिवा बसविताना कपाटाचे भूयोजन (अर्थिंग) करणे किंवा १२ अथवा २४ व्होल्टची पट्टी वापरणे आवश्यक ठरते. अशा पट्टीचा रोहित्रसंच कपड्यांत न दडविता हवेशीर जागी ठेवावा लागतो, कारण तोही तापतो. ज्योतीपासून द्विप्रस्थापर्यंत दिवा बदलत गेला. तो व कापड यांमधील अंतर राखण्याची गरज मात्र कमी झाली, संपली नाही.