क्रॉसिंग आणि फाइलचं कुलूप

वरंधच्या माणसाला कोकण रेल्वे गाठायची तर आधी महाड, मग वीर स्टेशन. रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि २०२१ मध्ये त्याचं दुपदरीकरणही झालं. वीरच्या पुढे मात्र एकेरी मार्ग. म्हणून रत्नागिरीकडे जाणारी गाडी तिथे कधी कधी उभी राहते आणि डब्यातलं कुणीतरी सांगतं, "क्रॉसिंग आहे."

मी पोटासाठी फाइल सर्व्हरचा कोड लिहितो. आमच्याकडेही हेच चालतं, फक्त गाड्या दिसत नाहीत.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधला तुकडा एका वेळी एकाच गाडीचा. जुन्या पद्धतीत त्यासाठी टोकनचा गोळा असे. दोन्ही स्टेशनांवरची यंत्रं विजेने जोडलेली, त्यांतून एका वेळी एकच गोळा निघणार. गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. फाइल लॉक म्हणजे हाच गोळा. तो नसेल, तर दोन प्रोग्रॅम एकाच फाइलवर एकदम लिहितात आणि हिशेबाचा चेंदामेंदा होतो.

१९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये एनएफएस तयार झालं, तेव्हा त्यात हा गोळा नव्हता. सर्व्हरने कुणाचं काही लक्षात ठेवायचंच नाही, हे त्यामागचं तत्त्व. सर्व्हर बंद पडून परत उठला, की क्लायंटने तीच मागणी पुन्हा करायची. मला आजही ही कल्पना सुंदर वाटते. पण लॉक म्हणजे आठवण. गोळा कुणाकडे आहे हे विसरून कसं चालेल? म्हणून लॉकसाठी वेगळा प्रोटोकॉल शेजारी बसवला. सर्व्हर म्हणतो "थांब", आणि लॉक मोकळं झालं की स्वतः कळवतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, तर थोडा वेळ फक्त जुन्या मालकांनाच आपलं लॉक परत मागता येतं. नव्यांनी रांगेत थांबायचं.

आणि गोळा घेतलेला क्लायंटच गप्प झाला तर? रेल्वेत यंत्र बिघडलं की सिग्नल लाल. शांततेचा अर्थ 'मार्ग मोकळा' असा कुणी घेत नाही. २००० साली आलेल्या एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने उलटं ठरवलं: लॉक भाडेपट्ट्यावर. लिनक्स सर्व्हरवर साधारण ९० सेकंद क्लायंटचा आवाज आला नाही, तर त्याचा हक्क संपला. वरंध घाटात रेंज गेली म्हणून घरचे माणसाचं नाव रेशनकार्डावरून काढत नाहीत, पण सर्व्हर काढत असे. २०२२ मध्ये लिनक्स सर्व्हर जरा सौजन्याने वागू लागला. मुदत संपली तरी दुसऱ्या कुणी तेच लॉक मागेपर्यंत तो जुन्याचा हक्क राखून ठेवतो.

सगळ्यात अवघड भाग मात्र वाट पाहण्याचा. जीएफएस२ सारखी फाइल सिस्टिम अनेक मशीनवर पसरलेली असते. लॉक द्यायचं की नाही, हे तिला बाकीच्या मशीनना विचारावं लागतं. लिनक्समध्ये लॉकच्या मागण्या बघणारा थ्रेड एकच होता. तो एका उत्तरासाठी ताटकळला, की सगळ्यांचं काम ठप्प. स्टेशन मास्तर एकाच गाडीसाठी फोन कानाला लावून बसला आणि बाकीच्या घंटा वाजत राहिल्या, तसं. म्हणून २००७ च्या सुमारास कर्नलमध्ये सोय आली: फाइल सिस्टिमने "उत्तर नंतर देते" म्हणायचं, थ्रेडने पुढच्या कामाला लागायचं आणि उत्तर आलं की मागणाऱ्याला उठवायचं.

यात एक खोच आहे. उत्तर येईपर्यंत मागणारा कंटाळून निघून गेलेला असू शकतो. मग मिळालेलं लॉक निनावी पडून राहतं आणि मागचे सगळे खोळंबतात. असं उशिरा आलेलं लॉक लगेच परत करणाऱ्या दोन-चार ओळी माझ्या मते या कोडमधल्या सगळ्यात मोलाच्या. चाचणीत त्या क्वचितच चालतात, आणि चुकल्या तर महिनोन्‌महिने कळत नाही.

शिवाय कोणती फाइल सिस्टिम खरंच नंतर उत्तर देऊ शकते, हे सर्व्हरला नीट कळत नव्हतं. चुकीच्या फाइल सिस्टिमवर भरवसा ठेवला तर थ्रेड अडकणार, म्हणून सर्व्हर बिचकूनच वागत असे. फाइल सिस्टिमने तसं आधीच जाहीर करावं, यासाठी कर्नलमध्ये एक छोटी खूण आली ती २०२३ मध्ये.