फॉन्ट टॅगचे दिवस
नवं शतक उजाडलं तेव्हा मी पुण्यात मराठी वेबसाइट्स तयार करायचे. फ्रंटपेज या दृश्य एडिटरमध्ये पान बनवणं वर्डमध्ये पत्र टाइप करण्याइतकंच सोपं होतं. मात्र खालच्या ‘एचटीएमएल’ टॅबवर गेलं की खरा पसारा दिसायचा. मथळा निवडून अक्षर मोठं, ठळक आणि लाल केलं की एडिटर एकात एक टॅग, म्हणजे कोडमधल्या खुणा, घालत जायचा. हा मथळा आहे, असं मात्र त्यात कुठेच नसायचं. मजकूर पुसला तरी रिकाम्या टॅगच्या जोड्या मागे उरायच्या.

मराठीत हे दुखणं दुपटीचं होतं. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. मजकूर मराठी आहे, हे फक्त फॉन्टच्या नावावरून ठरायचं. त्यामुळे टेबलच्या चौकटीचौकटीत फॉन्टचं नाव सांगणारा तोच टॅग पुन्हा लिहिलेला असे. एखादा गळला, की बातमीच्या मधोमध रोमन अक्षरांचा चिखल.

या पसाऱ्याची मुळं जुनी आहेत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा १९९०चा पहिला ब्राउझर एडिटरही होता. एचटीएमएल ही भाषा घडली ती मथळा, परिच्छेद, यादी अशी मजकुराची रचना सांगण्यासाठी. वेब बाजारात उतरलं तसा ग्राहक छापील जाहिरातीसारखी मांडणी मागू लागला आणि भाषेत तिची सोयच नव्हती. वेब डिझायनर डेव्हिड सीगल यांच्या १९९६च्या पुस्तकाने अदृश्य टेबलं आणि एक पिक्सेलची पारदर्शक चित्रं वापरून ती साधण्याची युक्ती घरोघरी पोचवली. एडिटरांनी हेच काम एका क्लिकवर आणलं. पानाचं रूप वेगळं सांगणाऱ्या सीएसएसचं पहिलं प्रमाण डिसेंबर १९९६मध्ये आलं खरं, पण नेटस्केप ४सारखे ब्राउझर ते धड पाळत नव्हते. टेबलाचा कोड गचाळ, पण सगळीकडे चालणारा होता.

डिसेंबर १९९७मध्ये मॅक्रोमीडियाचा ड्रीमवीव्हर हा एडिटर आला. हाताने लिहिलेल्या कोडला तो हात लावत नसे, म्हणून कोड लिहिणाऱ्यांनीही त्याला आपलं मानलं. वर्डमधून आलेल्या पानांचा कचरा उपसायला त्यात स्वतंत्र आज्ञाच होती! पुढे वेबची प्रमाणं पाळली जावीत म्हणून झटणाऱ्या वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्टच्या कार्यकर्त्यांनी २००१मध्ये खास गट नेमून कंपनीबरोबर काम केलं आणि २००२च्या ड्रीमवीव्हर एमएक्सचा कोड बराच सुधारला. फटकळ टीकेपेक्षा या चिकाटीच्या कामाने जास्त साधलं, असं मी मानते.

मग दृश्य एडिटर चांगला कोड देतात का? देतात, पण आपण त्यांना अर्थ सांगितला तरच. माउसने आकार वाढवला, तर एडिटरला फक्त आकार कळतो. यादीतून ‘मथळा’ ही शैली निवडली, तर तो मथळ्याचाच टॅग लिहितो. स्क्रीन रीडरवर पान ऐकणारा अंध वाचक याच टॅगच्या आधाराने एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो. नुसती ठळक लाल अक्षरं त्याच्या काही कामाची नाहीत. आजचे पेज बिल्डर टेबलांऐवजी डिव्ह या अर्थ न सांगणाऱ्या टॅगमध्ये डिव्ह कोंबतात, खोट तीच आहे. म्हणून वेबचं काम शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात एडिटर उघडण्याआधी मुलांना साध्या नोटपॅडमध्ये एक पान हाताने लिहायला लावावं. एडिटरने काय लिहिलंय हे वाचता आलं, तरच त्याच्याकडून नीट काम करून घेता येतं.