पदवी आणि उमेदवारी

पालघर तालुक्यांत सूर्या नदीच्या कांठीं मासवण हें गांव आहे. तेथून फार दूर नाहीं अशी बोईसरची कारखान्यांची वसाहत, आणि तिच्या पलीकडे समुद्रालगत तारापूरचें अणुवीजकेंद्र. या टापूंतील पदवीधर तरुणाला नोकरीच्या दारांत बहुधा पहिला प्रश्न ऐकावा लागतो तो हा : अनुभव किती? पदवी आहे पण काम येत नाहीं, ही मालकाची तक्रार. कामच दिलें नाहीं तर अनुभव आणावा कोठून, हा तरुणाचा सवाल. या वादाचा एक निकाल इतिहासानें पूर्वींच देऊन ठेविला आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें लंडनच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेणारें म्हणून. त्याचे पदवीधर कचेऱ्या, न्यायालयें आणि शाळा यांस पुरेसे होते; गिरण्यांस नव्हते. म्हणून १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आणि १९३३ सालीं खुद्द विद्यापीठानेंच रासायनिक तंत्रविद्येचा विभाग उघडला.

तथापि खरा धडा १९५७ सालचा आहे. डॉ. होमी भाभा यांस अणुभट्ट्यांसाठीं माणसें हवीं होतीं, आणि तयार माणसें तर कोठेंच नव्हतीं. त्यांनीं पदवीधरांस नांवें ठेवलीं नाहींत. तुर्भें येथें प्रशिक्षणशाळा काढली. निवडलेल्या तरुणांस वर्षभर विद्यावेतन मिळे. पदार्थविज्ञानाचा पदवीधर अभियांत्रिकी शिके आणि अभियंता अणुविज्ञान. उत्तीर्ण होणारास तेथेंच नेमणूक असे. १९६९ सालीं तारापूरचें केंद्र सुरू झालें, तेव्हां शिकविलेल्या अशा माणसांचें बळ देशाच्या हातीं होतें.

पुढें १९६१ च्या उमेदवारी कायद्याच्या कक्षेंत १९७३ च्या दुरुस्तीनें अभियांत्रिकीचे पदवीधरहि आले. परंतु एक भेद राहिलाच. तुर्भ्याच्या उमेदवारीच्या अखेरीस नोकरी होती. करारांत तशी अट नसेल, तर या कायद्यान्वयें उमेदवारास कामावर ठेवून घेण्याचें बंधन मालकावर नाहीं.

तरुणानें यंत्राचा नकाशा वाचावा, कामाचा अहवाल नेटका लिहावा, अनुभवी कामगारापुढें विद्यार्थी होऊन उभें राहावें, हें त्याचें कर्तव्यच होय. पण शिक्षणाचें शेवटलें वर्ष कामाच्या जागींच पुरें होतें, आणि त्याचा खर्च केवळ मासवणच्या शेतकऱ्यानें सोसावा हें न्याय्य नाहीं. ज्यास तयार माणूस हवा, त्यानें तो घडविण्यांत आपला वांटा उचलावा.