बाकावर कोण बसलंय?

३० ऑक्टोबर २०२२. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना होता. स्पेन विरुद्ध कोलंबिया. मी कविता लिहिणारा माणूस, फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. पण बहिणीच्या मुलीनं हट्ट धरला, म्हणून गेलो. स्पेननं सामना १-० असा जिंकला. परतीच्या लोकलमध्ये भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘मामू, खेळणाऱ्या सगळ्या मुली. मग दोन्हीकडचे कोच पुरुषच कसे?’’

तिचं म्हणणं खरं होतं. त्या स्पर्धेत आपल्या भारतीय मुलींचे प्रशिक्षकही पुरुषच होते, स्वीडनचे थॉमस डेनर्बी. माणूस जाणकार, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रश्न मनात राहिला. त्याचं उत्तर शोधत वाचत गेलो आणि एका अमेरिकन बाईंपाशी येऊन थांबलो. त्यांचं नाव एप्रिल हाइनरिक्स.

त्यांची गोष्ट सुरू होते ती एका कायद्यापासून. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत एका कायद्यावर सही झाली. ‘टायटल नाइन’ या नावानं तो ओळखला जातो. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेदभाव करता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलंय. मूळ इंग्रजी वाक्य अवघ्या सदतीस शब्दांचं, आणि त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण मैदान हा शिक्षणाचाच भाग ठरला आणि चित्र बदललं. त्याआधी साऱ्या अमेरिकेत हायस्कुलात खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्याही आत होत्या. आता मुलांच्या संघावर खर्च करणाऱ्या कॉलेजांना मुलींचाही विचार करणं भाग पडलं. संघ उभे राहिले, खेळाडू मुलींना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.

हे वाचताना मला माझी थोरली बहीण आठवली. शाळेत ती खो-खो अशी खेळायची की पळती सुरू झाली की बाकीचे वर्ग खिडक्यांशी गोळा व्हायचे. दहावी झाली आणि खेळ संपला. ‘खेळू नकोस’ असं घरात कुणी म्हटलं नाही. ‘पुढे खेळ’ असंही कुणी म्हटलं नाही. पुढे खेळायचं तरी कुठे, हेच कुणाला माहीत नव्हतं. कायदा काय करतो? तो हे ‘कुठे’ ठरवून देतो.

एप्रिलचा जन्म १९६४ सालचा, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरातला. म्हणजे कायदा झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून धावायचा खेळ. आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात. १९८३ मध्ये ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दाखल झाली. तिथले प्रशिक्षक होते अ‍ॅन्सन डोरन्स. आणि इथे आपल्याला जरा जवळचं वाटावं असं काही सापडतं. या डोरन्स यांचा जन्म मुंबईचा, १९५१ सालचा! वडील तेल कंपनीत अधिकारी होते, त्यांच्या नोकरीमुळे हे कुटुंब देशोदेशी फिरलं. १९७९ पासून डोरन्स यांनी या विद्यापीठाचा महिला संघ घडवला आणि २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत बावीस राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

त्यांच्या संघात एप्रिल चार वर्षं खेळली. त्यातली तीन वर्षं, १९८३, १९८४ आणि १९८६, संघ राष्ट्रीय विजेता ठरला. नव्वद सामन्यांत तिनं सत्त्याऐंशी गोल केले. सरावातसुद्धा ती कुणाला सोडत नसे. आपल्याच मैत्रिणींशी असं जिवाच्या करारानं खेळणं काहींना खटकायचं. जिंकायचं की सगळ्यांना आवडायचं, हा पेच खेळाडू मुलीपुढे हमखास येतो. मुलग्याला तो सहसा पडत नाही. एप्रिलनं जिंकणं निवडलं. डोरन्स पुढे कित्येक वर्षं नव्या मुलींना तिचं उदाहरण देत राहिले. तिचा दोन नंबरचा शर्ट विद्यापीठानं नंतर कुणाला दिला नाही.

नोव्हेंबर १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिला ‘विश्वचषक’ म्हणायलाही फिफा तेव्हा तयार नव्हती. ते नाव मागाहून मिळालं. स्पर्धा एका चॉकलेटच्या नावानं भरली आणि सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवले गेले. बायकांना नव्वद मिनिटं झेपतील की नाही, ही शंका! अमेरिकेची कप्तान होती एप्रिल हाइनरिक्स. तिच्या जोडीला मिशेल एकर्स आणि कॅरिन जेनिंग्ज. या तिघींना चिनी वृत्तपत्रांनी तीन धारांची तलवार म्हटलं. उपांत्य सामन्यात जर्मनीवर ५-२ असा विजय मिळाला, त्यात दोन गोल कप्तानाचे. ३० नोव्हेंबरला ग्वांगझू शहरात साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर नॉर्वेला २-१ असं हरवून अमेरिका पहिली विश्वविजेती ठरली. मायदेशी मात्र या विजयाची फारशी दखल घेतली गेली नाही.

गुडघे कुरकुरत होते. या स्पर्धेनंतर सत्तावीस वर्षांच्या हाइनरिक्स यांनी खेळणं थांबवलं. पण शिकवायला त्यांनी सुरुवात केली होती त्याच्याही आधी. १९९० मध्येच त्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रशिक्षक झाल्या होत्या. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम संघाची कप्तान त्याच काळात कॉलेजच्या मुलींना सराव देत होती. कारण साधं होतं. अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली ती २००१ मध्ये. मधल्या काळात त्या काही दिवस इटलीतल्या क्लबांकडून खेळल्या होत्या, पण त्यावर आयुष्य निघणार नव्हतं. खेळ सोडायचा नसेल तर कॉलेजातलं प्रशिक्षकपद हाच काय तो आधार होता.

आणि तो आधारही बायकांना सहज मिळत नव्हता. माझ्या भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. १९७२ पूर्वी अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायका होत्या. कायद्यानंतर मुलींचे संघ वाढले आणि हे प्रमाण पुढच्या तीसेक वर्षांत निम्म्याच्याही खाली आलं! असं का व्हावं? पूर्वी हे काम मानाचं नव्हतं, त्यात पैसाही नव्हता. शारीरिक शिक्षणाच्या बाई शिकवता शिकवता तेही सांभाळायच्या. कायद्यामुळे त्याला पगार आला, प्रतिष्ठा आली, आणि मग पुरुष आले. बायकांचे क्रीडा विभाग पुरुषांच्या विभागांत विलीन झाले, नेमणुका करणारेही बहुधा पुरुषच राहिले. हे आपल्याला नवं नाही. घरी रोज बाई रांधते, पण पगार मिळणाऱ्या हॉटेलात आचारी पुरुष असतो.

अशा काळात हाइनरिक्स त्या बाकावर बसल्या. प्रिन्स्टननंतर मेरीलँड विद्यापीठात १९९५ पर्यंत, पुढे १९९६ ते १९९९ व्हर्जिनिया विद्यापीठात. मला या वर्षांतली सगळ्यात मोठी घटना वाटते ती कुठल्या सामन्यातली नाही, एका फोनची आहे. जिल एलिस नावाची एक तरुणी इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन एका दूरसंचार कंपनीत तांत्रिक लेखनाचं काम करत होती. स्वतः चांगली खेळलेली, थोडी कोचिंग केलेली, पण आता स्थिर नोकरी धरलेली. हाइनरिक्स यांनी तिला मेरीलँडमध्ये साहाय्यक म्हणून बोलावलं. तिनं नोकरी सोडली. याच जिल एलिस यांनी पुढे २०१५ आणि २०१९ असे लागोपाठ दोन महिला विश्वचषक अमेरिकेला जिंकून दिले. असं करणाऱ्या त्या पहिल्याच प्रशिक्षक.

हाइनरिक्स यांना १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर सन्मानदालनात स्थान मिळालं. तो मान मिळवणारी ती पहिली महिला खेळाडू. २००० मध्ये त्या राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, त्या पदावरही पहिल्याच बाई. सिडनीत रौप्य, २००३ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक, २००४ मध्ये अथेन्सला ब्राझीलला हरवून सुवर्ण. आणि त्या सुवर्णपदकानंतर सहा महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २००५ मध्ये, त्या पायउतार झाल्या. आधीच्या विजेत्यांशी तुलना झाली, पद्धत कडक असल्याची कुजबूज झाली. सरावात मैत्रिणींनाही न सोडणारी ती मुलगी मला इथे पुन्हा दिसते. सगळ्यांना आवडणं तिला तेव्हाही जमलं नव्हतं. मात्र २०११ मध्ये त्या पुन्हा महासंघात परतल्या, देशातल्या मुलींच्या फुटबॉलच्या तांत्रिक संचालक म्हणून.

कायद्यानं मुलींना मैदान दिलं, हे खरंच मोठं काम. पण बाकावरची जागा कायद्यानं आपोआप मिळाली नाही. ती एका बाईनं मिळवली आणि सरकून दुसरीला करून दिली.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती ऐकून घेते, बोलत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र तिनं आमच्या वस्तीमागच्या मैदानावर दहा-बारा लहान मुली गोळा केल्या आणि फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. कडेच्या कट्ट्यावर माझी बहीण पाण्याची कळशी घेऊन बसायची. पहिल्या दिवशी एका चिमुरडीनं सवयीनं भाचीला हाक मारली, ‘‘सर!’’

सगळ्या खळखळून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून ती ‘ताई’ झाली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)